दिवसाला खुंट्या हव्यात: स्किझोफ्रेनिया असलेल्या घरच्या माणसाचा दिनक्रम कसा बसवावा

सकाळचे अकरा. चहा दोनदा गरम करून झालाय आणि आता त्यावर साय धरलीय. आतल्या खोलीत माझा धाकटा भाऊ डोक्यावरून पांघरूण घेऊन पडलाय. झोपलेला नाही, पांघरुणाबाहेर आलेला पायाचा अंगठा सारखा हलतोय. मी दारातून चौथ्यांदा हाक मारते, "अरे, ऊठ आता, किती वाजले बघ." पांघरूण आणखी घट्ट होतं.

दोन वर्षं आमच्या घरातली सकाळ अशीच जायची. भाऊ बाविसाव्या वर्षी आजारी पडला, आज तो शेहेचाळीस वर्षांचा आहे. आई गेल्यावर तो अकोल्याला माझ्याकडे राहायला आला, तेव्हा कानात येणारे आवाज आणि शेजाऱ्यांबद्दलचा संशय औषधांनी पुष्कळ कमी झाला होता. दिवस मात्र रिकामाच होता. मी आयुष्यभर शाळेत शिकवलं, त्यामुळे मला सुचलं ते वेळापत्रक. साडेसहाला उठणे, सातला प्राणायाम, साडेसातला अंघोळ, अशा चौदा ओळी रंगीत स्केचपेनने लिहून फ्रिजवर लावल्या. तिसऱ्या दिवशी त्याने कागद फाडला. मी आठवडाभर त्याच्याशी धड बोलले नाही. आज त्या आठवड्याचं मला फार वाईट वाटतं.

सावरत असलेल्या माणसाला वेळापत्रक पेलत नाही. त्याला दिवसात दोन-तीन पक्क्या खुंट्या लागतात, बाकीचा दिवस त्यांना अडकवता येतो. एक खुंटी ठोकायची, ती नीट बसली की दुसरी. आमच्या तीन खुंट्या बसायला दीड वर्ष लागलं. ते कसं केलं, कुठे चुकलो, हे इथे लिहिते आहे.

मी डॉक्टर नाही. गोळ्यांविषयी जे लिहिलंय ते तुमच्या मनोविकारतज्ज्ञांशी बोलायचे मुद्दे म्हणून वाचा, त्यावरून घरच्या घरी डोस बदलू नका. आणि एक: मराठी स्वमदत गटांमध्ये आजारातून जाणाऱ्याला ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. हे शब्द ऐकले तेव्हा पहिल्यांदा मला भावाला ‘पेशंट’ म्हणावं लागलं नाही. मी तेच वापरते.

आधी हे पटवून घ्या: हा आळस नाही

स्किझोफ्रेनिया म्हटलं की लोकांना भास आणि भ्रम आठवतात. नसलेले आवाज ऐकू येणं, कोणीतरी मागावर आहे असं वाटणं. ही आजाराने वाढवलेली लक्षणं. दुसरा गट आजाराने हिरावून घेतलेल्या गोष्टींचा असतो: उत्साह, बोलणं, चेहऱ्यावरचे भाव, एखादी गोष्ट सुरू करण्याची ताकद. औषधं पहिल्या गटावर चांगली चालतात, दुसऱ्यावर बरीच कमी. म्हणून नातेवाईक म्हणतात, "आता तर तो बरा आहे, मग लोळत का पडतो?" तो लोळत पडतो तेही आजारच आहे.

यातली एक गोष्ट कळली आणि माझं वागणं बदललं. एखादी गोष्ट प्रत्यक्ष करताना या माणसांना पुष्कळदा आनंद होतो. पण ‘ती केली तर मला बरं वाटेल’ हे आधी वाटणं आजाराने क्षीण होतं. तुम्हाआम्हाला फिरायला जायच्या आधीच हवेची झुळूक आठवते. त्याला ती आठवत नाही. त्यामुळे "तुला इच्छा होईल तेव्हा कर" असं म्हणून वाट बघत बसलो तर ती इच्छा येत नाही. आधी काम सुरू व्हावं लागतं, गोडी मागून येते.

रिकाम्या वेळाने किती नुकसान होतं याचा जुना पुरावा आहे. १९६० च्या दशकात जॉन विंग आणि जॉर्ज ब्राउन यांनी इंग्लंडमधल्या तीन मनोरुग्णालयांतल्या दीर्घकाळच्या रुग्णांचा काही वर्षं अभ्यास केला. ज्यांची परिस्थिती सुधारली त्यांच्या बाबतीत सगळ्यात ठळक बदल होता तो ‘काहीही न करण्यात जाणारा वेळ’ कमी झाल्याचा. म्हणून दिनक्रम हा उपचाराचा भाग आहे. गोळ्यांच्या जागी नव्हे, गोळ्यांच्या सोबत.

पण आजार उसळलेला असेल, म्हणजे रात्र रात्र झोप नाही, भास जोरात आहेत, जेवणात विष आहे असं वाटतंय, तर दिनक्रमाचा विषयच काढू नका. तेव्हा डॉक्टर, औषध, शांत खोली आणि पोटात अन्न. बाकीचं नंतर.

पहिला आठवडा: फक्त वही

शंभर पानी वही घ्या आणि आठवडाभर काहीही बदलू नका. फक्त लिहा. किती वाजता झोपला, किती वाजता डोळे उघडले, प्रत्यक्ष अंथरुणातून केव्हा उठला (या दोन्हींत आमच्याकडे तीन तासांचं अंतर होतं), गोळी केव्हा घेतली, काय खाल्लं, चहा किती कप, बिडी किती, घराबाहेर पाऊल पडलं का, आपणहून एखादं वाक्य बोलला का.

हे चोरून करू नका. मी सुरुवातीला उशीखाली वही लपवायचे. त्याला ती सापडली आणि ‘ताई माझ्यावर पाळत ठेवते’ हा संशय आयता उभा राहिला. मग त्याच्यासमोर बसून सांगितलं, "तुझा दिवस कसा जातो ते मला समजून घ्यायचंय, डॉक्टरांना दाखवायला. हवं तर तू लिही." पुढे काही दिवस त्याने स्वतः लिहिलं. एका दिवसाखाली फक्त ‘काही नाही’ असं होतं.

आठवड्यानंतर वहीतून एकच गोष्ट शोधायची: दिवसातला त्याचा बरा वेळ कोणता? आमच्या वहीत तो निघाला दुपारी चार ते सहा. मी मात्र सगळा जोर सकाळी सात ते दहा लावत होते, म्हणजे त्याच्या सगळ्यात वाईट वेळेला. ज्या गोष्टीला मेहनत लागते ती बऱ्या वेळात ठेवायची.

मग त्यालाच विचारा. "काय करावंसं वाटतं?" हा प्रश्न फार मोठा होतो, त्याचं उत्तर "काही नाही" असंच येतं. दोन पर्याय द्या: "संध्याकाळी दूध आणायला जाशील की झाडांना पाणी घालशील?" भावाने दूध निवडलं. डेअरी आमच्या घरापासून चारशे पावलांवर आहे, त्यानेच मोजली होती.

पहिली खुंटी: उठणं, आणि ते ठरतं आदल्या रात्री

सकाळी उठत नाही या तक्रारीचं मूळ पुष्कळदा रात्रीच्या गोळीत असतं. या आजारावरच्या अनेक औषधांनी गुंगी येते. रात्री अकराला गोळी घेतली तर सकाळी दहापर्यंत डोकं जड राहणं स्वाभाविक आहे. वही घेऊन डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "गोळी अकराला का देता?" उत्तर सोपं होतं: आमच्याकडे टीव्ही अकराला बंद होतो. त्यांनी वेळ साडेआठची करून दिली. पंधरा दिवसांत उठण्याची वेळ आपोआप दीड तास अलीकडे आली. तो दीड तास मी दोन वर्षं ओरडून मिळवू पाहत होते.

त्यानंतर वेळ हळूहळूच सरकवायची. अकराला उठणाऱ्याला साडेसहाला उठवू नका. चार-पाच दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे, एवढंच. आम्ही साडेआठवर थांबलो. साडेआठ ही वेळ त्याला पेलते, आणि ती रविवारीही तीच असते, हे साडेसहापेक्षा जास्त मोलाचं आहे.

उठवायचं कसं? दारातून हाका मारू नका. आत जा, खिडकी उघडा, चहाचा कप बाहेर ओट्यावर ठेवा आणि "चहा ओट्यावर आहे" एवढंच सांगा. अंथरुणात चहा दिला की माणूस अंथरुणातच राहतो. ओट्यावर कोवळं ऊन असतं, ते डोळ्यांवर पडलं की शरीराच्या घड्याळाला सकाळ झाल्याचं कळतं आणि रात्रीची झोपही सुधारते. तिथे मी त्याच्या शेजारी बसते. बोलत नाही. पेपरातलं एखादं पान त्याच्याकडे सरकवते.

दुपारची झोप बंद करायला जाऊ नका, छोटी करा. जेवणानंतर पाऊण तास, गजर लावून.

दुसरी खुंटी: गोळ्या

गोळी घड्याळाला बांधू नका, रोज नक्की होणाऱ्या कामाला बांधा. आमच्याकडे रात्रीच्या जेवणाचं ताट उचललं की गोळी. औषधाच्या दुकानात सात कप्प्यांची डबी मिळते. रविवारी दोघांनी मिळून भरायची. डबी त्याच्या हाताने भरली जाते, मी फक्त समोर असते. आज गोळी घेतली की नाही हा वाद तिथेच मिटतो, कारण कप्पा दिसतो.

एखादा डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नका. काय करायचं ते डॉक्टरांना आधीच विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. गोळ्या वारंवार चुकत असतील किंवा रोज त्यावरून भांडण होत असेल तर काही औषधांची इंजेक्शनं मिळतात, दोन आठवड्यांनी किंवा महिन्याने घ्यायची. त्याबद्दल जरूर विचारा. आणि वरणात गोळी कुटून घालू नका. मला माहीत आहे, अनेक घरांत हे होतं, थकलेली माणसं करतात. पण ज्याला आधीच जेवणाचा संशय येतो त्याच्या बाबतीत तो संशय आपण खरा करून ठेवतो.

काही त्रास तो आपणहून सांगणार नाही, तुम्ही बघून लिहायचे. लाळ गळणं, हात थरथरणं, तोंड कोरडं पडणं. पाय एका जागी न राहणं, सारखं येरझाऱ्या घालणं: हे पुष्कळदा औषधामुळे होतं, माणसाला ते फार असह्य असतं, आणि त्यावर उपाय आहे. बायकांमध्ये पाळी अनियमित होणं किंवा थांबणं; हे लाजेने सांगितलं जात नाही, आई-बहिणीने विचारायला हवं. क्लोझापिन चालू असेल तर ठरलेल्या रक्ततपासण्या (पहिले १८ आठवडे दर आठवड्याला) चुकवू नका आणि बद्धकोष्ठ अजिबात हलक्यात घेऊ नका. या औषधात ते जिवावर बेतू शकतं. तीन दिवस शौचाला झालं नाही तर फोन करायचा, हे आमच्या पहिल्या पानावर लाल अक्षरात आहे.

अंघोळ

आमची सगळ्यात मोठी लढाई ही होती, आणि आमच्या स्वमदत गटातल्या बहुतेक घरांचीही हीच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

‘अंघोळ कर’ हे आपल्याला एक काम वाटतं. एकदा मी त्यात काय काय येतं ते मोजलं. उठायचं, कपडे शोधायचे, टॉवेल घ्यायचा, गीझर लावायचा, थांबायचं, बादली भरायची, पाणी विसणायचं, कपडे काढायचे, ओलं व्हायचं, साबण, पुन्हा पाणी, पुसायचं, घालायचं, जुने कपडे बादलीत टाकायचे. चौदा कामं. ज्याचं डोकं दोन पायऱ्या लक्षात ठेवताना थकतं त्याला "अंघोळ कर" म्हणजे डोंगर चढ म्हणण्यासारखं आहे. शिवाय बंद न्हाणीघरात, पाण्याच्या आवाजात काहींना आवाज जास्त ऐकू येतात. भावाने हे मला चार वर्षांनी सांगितलं. मी कधी विचारलंच नव्हतं.

मग आम्ही असं केलं. अंघोळ सकाळची हा हट्ट सोडला. ती त्याच्या बऱ्या वेळात, साडेचारला नेली. (देवपूजेआधी अंघोळ हवी, यावर घरात बरीच कुरबूर झाली. मी ती ऐकून घेतली आणि साडेचार कायम ठेवले.) पाणी मी विसणून ठेवायचे. टॉवेल आणि धुतलेले कपडे न्हाणीघरातल्या खुंटीवर आधीच. मग फक्त एक वाक्य: "पाणी काढलंय." पहिला आठवडा नुसते हातपाय-तोंड. दुसऱ्या आठवड्यात डोक्यावरून दोन तांबे. पूर्ण अंघोळ महिन्याने, तीही एक दिवसाआड. दाराला कडी न लावता ते लोटून ठेवायचं आणि बाहेर रेडिओ चालू, म्हणजे पाण्याच्या आवाजाला दुसरा आवाज मिळतो.

पाणी काढणं, कपडे ठेवणं ही माझी कामं मग एकेक करून त्याच्याकडे दिली, शेवटून सुरुवात करून. आधी फक्त मळके कपडे बादलीत टाकणं त्याचं. मग कपडे काढून ठेवणं त्याचं. गीझर सगळ्यात शेवटी. आता सगळं तो करतो, आठवड्यातून चार-पाच दिवस. राहिलेल्या दोन दिवसांवरून आम्ही बोलत नाही.

दात घासणं याच रीतीने, रात्रीच्या गोळीला जोडून. दाढी आठवड्यातून एकदा सलूनमध्ये. तिथे बाहेरच्या माणसाशी दोन शब्द होतात ते वेगळंच.

खाणं, चहा, बिडी, चालणं

ओलान्झापिन, क्लोझापिनसारख्या काही औषधांनी भूक वाढते आणि वजन भराभर चढतं. जेवून उठल्यावर अर्ध्या तासात तो पुन्हा डबे उघडतो, ती हावरट सवय नव्हे, औषधाने लावलेली भूक आहे. टोमणे मारून ती जात नाही. घरात फरसाण आणि बिस्किटांचे पुडे ठेवणंच बंद करा, डब्यात फुटाणे, मुरमुरे, काकडी ठेवा. ज्वारीची भाकरी, वरण, पालेभाजी हे आपलं साधं जेवण उत्तम आहे. ते ठरलेल्या वेळी तीनदा मिळावं आणि मधे एकदा काहीतरी, एवढं पुरतं. साखरेचा खरा साठा चहात असतो. भाऊ दिवसाला आठ कप प्यायचा, दोन-दोन चमचे साखरेचे. कप लहान केले, साखर महिन्याला थोडी थोडी कमी केली. आता चार कप, अर्धा चमचा. पाण्याची बाटली मात्र समोर भरलेली.

महिन्यातून एकदा वजन आणि कमरेचा घेर वहीत लिहा. आपल्याकडच्या लोकांसाठी पुरुषांचा घेर ९० आणि बायकांचा ८० सेंटिमीटरच्या वर जाऊ नये असं मानतात. रक्तातली साखर, चरबी आणि रक्तदाब केव्हा केव्हा तपासायचे ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. मनाच्या डॉक्टरकडे जातो म्हणून शरीर तपासायचं राहून जातं.

बिडी-सिगारेटबद्दल फार कमी घरांना ठाऊक असलेली एक गोष्ट. धुरातल्या द्रव्यांमुळे ओलान्झापिन आणि क्लोझापिन शरीरातून लवकर निघून जातात, म्हणून ओढणाऱ्याला डोस जास्त लागतो. उद्या त्याने बिडी एकदम सोडली तर तोच डोस अंगात जास्त साठतो आणि गुंगी, त्रास वाढतो. हे धुरामुळे होतं; तंबाखू मळून खाल्ल्याने नाही. तेव्हा बिडी सोडवा जरूर, पण आधी डॉक्टरांना सांगून. हॉस्पिटलात भरती होऊन बिडी सुटली किंवा घरी येऊन पुन्हा सुरू झाली, तरी सांगा.

व्यायाम म्हणून चालायला नेऊ नका, कामासाठी न्या. "चल, फेरी मारू" याला तो नाही म्हणतो. "दूध आणायचंय" याला उठतो. चारशे पावलं जाताना, चारशे येताना. पुढे कोपऱ्यावरून कढीपत्ता, मग वाण्याकडून किलोभर पोहे. आता रोज तीस-पस्तीस मिनिटं होतात.

तिसरी खुंटी: कुणाला तरी लागणारं काम

दूध ही आमची तिसरी खुंटी. ती का बसली हे मला नंतर कळलं: दूध नाही आलं तर संध्याकाळचा चहा होत नाही, म्हणजे त्याच्या जाण्यावर घराचं काहीतरी अवलंबून आहे. नुसतं गुंतवून ठेवण्यासाठी दिलेलं काम त्याला लगेच ओळखू येतं. मी एकदा बटणं रंगाप्रमाणे वेगळी करायला दिली होती. त्याने डबी माझ्या हातात परत ठेवली आणि म्हणाला, "ताई, मी लहान नाही." त्या माणसाने आजारी पडण्याआधी आयटीआयचं इलेक्ट्रिशियनचं शिक्षण घेतलं होतं.

काम निवडताना बघा: ते अर्ध्या तासात संपतं का, संपलेलं डोळ्यांना दिसतं का, चुकलं तर घोटाळा होतो का. मेथी निवडणं, शेंगा फोडणं, कपडे वाळत घालणं, कुंड्यांना पाणी, वीजबिल भरून येणं ही चांगली कामं. पैसे हातात द्या, सुटे, हिशेबापुरते. दोनदा कमी पैसे परत आले, तिसऱ्यांदा तो दुकानदाराशी बोलून आला.

पुढची पायरी घराबाहेरची. मोठ्या शहरांत दिवसभराची पुनर्वसन केंद्रं आहेत; पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आणि ठाण्यात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या संस्था याच कामात वर्षानुवर्षं आहेत. लहान गावात ओळखीच्या दुकानात रोज दोन तास बसणं ही सुरुवात होऊ शकते. नोकरीची घाई मात्र नातेवाइकांच्या आग्रहाने करू नका. दोन तास तीन महिने टिकले की मग तीन तास.

दिवसात आवाज आले तर

गोळ्या नीट चालू असूनही काहींना थोडे आवाज राहतात. त्यांची वेळ वहीत दिसते, आमच्याकडे तिन्हीसांजेला. मग त्या वेळेत त्याला एकटं, रिकामं ठेवायचं नाही. हेडफोनवर अभंग, मोठ्याने काहीतरी वाचणं, गुणगुणणं, माझ्याबरोबर पोळ्या लाटणं. स्वतःचा घसा चालू असला की आवाज मंदावतात असं अनेक शुभार्थी सांगतात. कुणाला काय लागू पडतं ते करून बघावं लागतं.

"असं काही नाहीये, तुझ्या मनाचे खेळ आहेत" म्हणून वाद घालू नका, आणि हो ला हो पण करू नका. मी म्हणते, "मला ऐकू येत नाही, पण तुला येतंय आणि त्रास होतोय हे कळतंय. चल, बाहेर बसू."

बोलायचं कसं

जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली, आणि नंतर अनेक देशांत ती पुन्हा दिसली. ज्या घरात सतत टीका, चिडचिड किंवा जिवाला घोर लावून घेणारी अति काळजी असते तिथे आजार उलटण्याचं प्रमाण जास्त असतं. अशा घरात आठवड्याला ३५ तासांपेक्षा कमी वेळ समोरासमोर जात असेल तर धोका कमी राहतो, हेही त्यातच दिसलं. याचा अर्थ घरच्यांमुळे आजार होतो असा मुळीच नाही. अर्थ एवढाच की रोज काही तास एकमेकांपासून लांब असणं हाही दिनक्रमाचा भाग आहे.

बोलताना एका वेळी एकच गोष्ट. "उठलास का, गोळी घेतलीस का, आणि तो टॉवेल उचल" यातलं काहीच पोचत नाही. उत्तराला वेळ द्या. मी मनात दहा आकडे मोजते. झालेल्या कामाचं नाव घेऊन सांगा: "दूध वेळेवर आलं, चहा लवकर झाला." ‘शाब्बास’ मी सोडून दिलं, मोठ्या माणसाला ते टोचतं. आणि "शेजारचा तुझ्याच वयाचा, बघ कुठे पोचला" हे वाक्य घरात कोणीही उच्चारायचं नाही, मामांनीसुद्धा नाही. मामांना मी ते बाजूला घेऊन सांगितलं.

सण, पाहुणे, उन्हाळा

दिनक्रम मोडतो तो दिवाळीत आणि लग्नघरात. जागरण, गर्दी, लाउडस्पीकर, उशिरा जेवण. आम्ही त्याला सगळीकडे न्यायचा आग्रह करत नाही आणि लपवूनही ठेवत नाही. एक तास, मग मागे शांत खोली; रात्रीची गोळी आणि झोप मात्र ठरल्या वेळी. गोळ्यांची डबी पर्समध्ये. प्रवासात दोन दिवसांचा साठा जास्त, आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत.

विदर्भात उन्हाळा वेगळा सांभाळावा लागतो. या आजारावरच्या काही औषधांनी शरीराची उष्णता सोसायची ताकद कमी होते, घामही कमी येऊ शकतो. मे महिन्यात दूध आणणं आम्ही सकाळी साडेनऊच्या आत उरकतो आणि अंघोळ दोनदा होते. ताक, पाणी, डोक्याला ओला रुमाल. उन्हात अंग तापून तो असंबद्ध बोलू लागला किंवा अंग ताठरलं, तर ते आजाराचं समजून घरी थांबू नका, लगेच दवाखान्यात न्या.

वाईट दिवसासाठी वेगळा दिनक्रम

काही दिवस सगळं ढासळतं. त्यासाठी आम्ही चांगल्या दिवशीच एक छोटा दिनक्रम ठरवून ठेवलाय: गोळी, दोन वेळचं जेवण, पाच मिनिटं ओट्यावर. एवढं झालं की तो दिवस पूर्ण धरायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा नेहमीच्या खुंटीपासून, कालचा हिशेब न काढता.

पण वाईट दिवस आणि आजार उलटणं यांत फरक आहे. उलटण्याआधी प्रत्येकाची आपली एक खूण असते. भावाची: सलग दोन रात्री झोप नाही, खिडक्या लावून घेणं, ओट्यावर न येणं, आणि मी केलेल्या चहाचा वास घेऊन बघणं. ही यादी त्याच्यासोबत बसून केली आहे. यातल्या दोन गोष्टी दिसल्या की पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन. मरणाची भाषा, किंवा आवाज स्वतःला इजा करायला सांगतात असं कळलं, तर माणसाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी उपचार मिळवा. तातडीला ११२ आहे. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं. आपण पुन्हा आजारी पडलो तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, निर्णय कोणी घ्यावा हे बऱ्या अवस्थेत लिहून ठेवण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिला आहे. भावाने त्यात माझं नाव घातलं, आणि कोणत्या खोलीत ठेवू नये तेही लिहिलं.

शुभंकराचा दिवस

माझा रक्तदाब वाढलेला निघाला तेव्हा डॉक्टरांनी मला विचारलं, तुमच्या खुंट्या कोणत्या? माझ्याकडे एकही नव्हती. आता सकाळी सहा ते सात मी एकटी चालते, आणि गुरुवारी दुपारी तीन तास शुभंकरांच्या गटात जाते. तिथे कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. घरातल्या बाकीच्यांनाही एकेक काम नक्की दिलंय: वही माझी, डॉक्टरांच्या तारखा माझ्या यजमानांकडे, रविवारची संध्याकाळ भाच्याची, तो माझ्या भावाबरोबर कॅरम खेळतो.

तुमच्यासोबत दुसरं कोणीच नसेल तर निदान ते तीन तास कुठून तरी मिळवा. शेजारी बसवा, बहिणीला बोलवा, किंवा त्याला हळूहळू एकटं राहायची सवय लावा: आधी पंधरा मिनिटं, मग अर्धा तास, फोन नंबर भिंतीवर लिहून. आम्हाला तीन तासांपर्यंत यायला आठ महिने लागले. पहिल्या गुरुवारी मी कोपऱ्यावरून दोनदा परत फिरले होते. तो ओट्यावर बसून वाल सोलत होता, मान वर करून म्हणाला, "ताई, जा ना. उशीर होईल."